थांबून पाहणे कुणाला परवडते?

कोलशेतच्या ज्या वस्तीत मी वाढले, तिथल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वस्तीत इंग्रजी वाचणारे माणूस निघाले की त्याच्याकडे कागद येऊ लागतात. आधी प्रॉव्हिडंट फंडाचे फॉर्म आले, जातीच्या दाखल्याचे अर्ज आले, कोर्टाची समन्स आली. आता दवाखान्याच्या फायली येतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा तोंडाच्या असतात. फाईल घेऊन येणारा माणूस बहुधा एकच विचारतो, "ताई, कापायचंच आहे का? औषधानं नाही का जाणार?"

हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. ज्याचे पोट हातावर आहे त्याने उपचाराआधी उपचाराची किंमत विचारावी, हे रास्तच आहे. पण त्याला नीट उत्तर देणारे कुणी भेटत नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत डॉक्टरपाशी दोन मिनिटे असतात. टपरीवर मात्र उत्तर देणारे दहाजण असतात. तुकडा काढला की रोग पसरतो, चाकू लागला की माणूस हाती लागत नाही, अमक्या गावात झाडपाला देतात. मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, वैद्यक माझा विषय नाही. उपचाराचा निर्णय रोगी आणि डॉक्टर यांनीच घ्यायचा आहे. तरीही तोंडातला चट्टा आणि सुरुवातीचा कॅन्सर यांवरच्या निरनिराळ्या उपचारांविषयी वैद्यकाने काय पडताळून पाहिले आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे. अशी फाईल उद्या त्यांच्याकडेही येणार आहे.

१

तोंडाचा कॅन्सर सहसा एका रात्रीत येत नाही. त्याआधी तोंडात खुणा उमटतात. पहिली खूण पांढऱ्या चट्ट्याची. हा चट्टा पुसून जात नाही आणि दुखतही नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वैद्यकात त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. दुसरी खूण लाल, मखमलीसारख्या चट्ट्याची, म्हणजे एरिथ्रोप्लाकियाची. हा कमी आढळतो, पण धोका याचाच अधिक. तिसरी खूण तोंड आखडण्याची. तिखट झोंबू लागते, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते, बोट फिरवले तर दोरीसारखे पट्टे लागतात, आणि हळूहळू स्वतःची तीन बोटे उभी तोंडात शिरेनाशी होतात. हा सबम्यूकस फायब्रोसिस. चौथी खूण दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेची. ती चट्ट्याच्या पायरीपलीकडची असू शकते, म्हणून तिच्या बाबतीत वाट पाहायची नसते.

हे ज्ञान परदेशातून आयते आलेले नाही. तोंड आखडण्याच्या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांवरून केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रोग्यांवरून त्याची मांडणी केली. साठीच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कॅन्सरविषयी जग जे शिकले त्यातले बरेचसे आपल्याच माणसांच्या तोंडात डोकावून शिकले. ते ज्ञान त्या तोंडांपर्यंत परत पोहोचले काय, हा खरा प्रश्न आहे.

कारणे सर्वांना माहीत आहेत. तंबाखू-चुना, मिश्री, मावा, गुटखा, विडी, दारू. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवले. तोंड आखडण्याचे मुख्य कारण सुपारीच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुडी मात्र टपरीवर मिळतेच. पण कारण सांगताना 'व्यसनी' हा शब्द फार सहज वापरला जातो. गटारात उतरणारा माणूस वास मारण्यासाठी तंबाखूचा बार भरतो. रात्रपाळीचा गार्ड झोप मारण्यासाठी भरतो. पहाटे उठून चार घरची भांडी घासायला जाणारी बाई भूक मारण्यासाठी मिश्री लावते. ज्यांना हे काम जन्माने नेमून दिले गेले त्यांच्या तोंडातला चट्टा हा केवळ त्यांच्या चारित्र्याचा प्रश्न होऊ शकत नाही.

२

चट्टा दिसला, पण अजून कॅन्सर नाही, अशा अवस्थेत तीन वाटा असतात. सवय सोडून लक्ष ठेवणे, औषध घेणे, किंवा चट्टा काढून टाकणे. बहुतेक पांढरे चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत. पण कोणता होईल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून संशयास्पद चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे. तुकडा न काढल्याने मात्र निदान लांबते, आणि त्या काळात रोग खरोखरच पसरतो. तपासणीत पेशींची ठेवण किती बिघडली आहे ते कळते. हा बिघाड सौम्य, मध्यम की तीव्र, यावर पुढची वाट ठरते. अहवालात 'डिस्प्लेशिया' हा शब्द आला की त्याच्या आधी कोणते विशेषण आहे ते वाचावे.

सवय सोडणे हा सल्ला वाटतो, पण तो उपचारही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षे भेटून तंबाखू सोडण्यास मदत केली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की जिथे लोकांनी तंबाखू सोडली वा कमी केली, तिथे नवे पांढरे चट्टे कमी उमटले. औषधाच्या वाटेविषयी मात्र निराशाच पदरी येते. अ जीवनसत्त्व, त्याच्या जातीची औषधे, बीटा-कॅरोटीन यांनी काहींचे चट्टे आकसतात, पण औषध थांबले की पुष्कळांचे परत येतात. या औषधांनी पुढचा कॅन्सर टळतो असे आजवरच्या कोणत्याही चाचणीतून सिद्ध झालेले नाही. गोळ्या-मलमावर वर्ष काढलेल्या माणसांच्या फायली मी पाहिल्या आहेत. त्यांना औषधाने बरे वाटत होते, आणि बरे वाटते म्हणून ते तुकडा काढायला जात नव्हते.

तिसरी वाट चट्टा काढून टाकण्याची. चाकूने काढला तर पूर्ण तुकडा तपासायला मिळतो. लेसरने कापला तर रक्त कमी जाते आणि जागा कमी आखडते. लेसरने चट्टा नुसता जाळून टाकला, तर त्यात काय दडले होते ते कधीच कळत नाही. दोन्ही रीतींनंतर चट्टा पुन्हा उमटू शकतो. पांढरा चट्टा काढल्याने पुढचा कॅन्सर नक्की टळतोच, असे ठाम सांगणारी काटेकोर चाचणी झालेली नाही. तरीही तीव्र बिघाड असलेला चट्टा आणि लाल चट्टा सहसा काढतातच, कारण कधी कधी त्याच्या आत कॅन्सर सुरू झालेला असतो. सौम्य बिघाड असेल आणि सवय सुटली असेल तर ठराविक महिन्यांनी तपासत राहणे पुरते.

तोंड आखडण्याचे प्रकरण वेगळे आहे. तिथे काढून टाकण्याजोगा एक चट्टा नसतो, सगळे अस्तरच ताठ झालेले असते. गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेज यांची इंजेक्शने आठवड्या-आठवड्याने देतात. त्याबरोबर दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकेक वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करायचा असतो. तोंड फारच मिटले तर पट्टे कापून तिथे गालाची चरबी किंवा कातडे बसवतात. पण शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सोडला तर तोंड पुन्हा मिटते. उपचाराने जेवता येते, बोलता येते; कॅन्सरची भीती मात्र उरतेच. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रोग्यांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना, म्हणजे पाचजणांना, कॅन्सर झाला. हे १९८५ सालचे निष्कर्ष आहेत. म्हणून तोंड उघडू लागले तरी तपासणी सोडायची नसते.

३

तुकड्यात कॅन्सर निघाला तरी घाबरून हातपाय गाळण्याचे कारण नाही. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली नसेल तर ती पहिल्या पायरीची. चार सेंटिमीटरपर्यंतची, पण दहा मिलिमीटरपेक्षा खोल न गेलेली, दुसऱ्या पायरीची. २०१८ पासून लांबी-रुंदीबरोबर खोलीही मोजतात, कारण वरून लहान दिसणारी गाठ आत खोल असेल तर मानेत उतरण्याचा संभव वाढतो. या दोन पायऱ्यांवर मानेत गाठ नसेल तर त्याला सुरुवातीचा कॅन्सर म्हणतात.

इथे मुख्य निवड शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्यात असते. ओठाच्या वा जिभेच्या लहान गाठीत किरणोत्सर्गी तारा थेट गाठीत ठेवून उपचार करता येतात. निष्णात हातात त्याचे परिणाम चांगले येतात आणि जीभ कापावी लागत नाही. पण आपल्याकडचा कॅन्सर पुष्कळदा होतो तो गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खाचेत, जिथे तंबाखूचा बार धरला जातो. तिथून जबड्याचे हाड जवळ असते आणि किरणांनी ते हाड पुढे सडू शकते. लाळ आटते, दात किडतात. बाहेरून द्यायचे किरण आठवड्यातले पाच दिवस, सुमारे सहा आठवडे घ्यावे लागतात. शिवाय त्याच जागी पुन्हा रोग उद्भवला तर पुन्हा तेवढे किरण देणे कठीण असते. शस्त्रक्रियेत गाठीभोवतीचा सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन ती एकदाच काढतात, आणि काढलेला भाग तपासून रोग कडेपर्यंत पोहोचला होता का ते कळते. म्हणून सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेलाच पहिला मान आहे. "कापायचंच आहे का?" या प्रश्नाचे उत्तर इथे बहुधा "होय" असेच येते. पण लवकर कापले तर थोडे कापावे लागते. उशीर झाला की जबडाही जातो आणि किरणेही चुकत नाहीत.

४

याहून अवघड प्रश्न मानेचा आहे. तोंडातली गाठ लहान आहे, हाताला मानेत काही लागत नाही. मग त्याच वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी काढायच्या की नाही? एक मत असे होते की बहुतेकांच्या मानेत काहीच सापडत नाही, तेव्हा सगळ्यांची मान कशाला उघडायची? रोग्यावर नियमित लक्ष ठेवावे आणि गाठ दिसली तर तेव्हा काढावी. मान उघडल्याने खांदा दुखतो, हात वर करताना त्रास होतो, आणि ओझे उचलून पोट भरणाऱ्याला खांदा म्हणजे सर्वस्व. दुसरे मत असे की दडलेला रोग दिसेपर्यंत थांबणे म्हणजे त्याला वेळ देणे. पन्नास वर्षे हा वाद जगभर चालू होता.

त्याचा निकाल लागला आपल्या परळला. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून २०१४ पर्यंत सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरचे रोगी चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले. एका गटाची मान तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच साफ केली. दुसऱ्या गटावर लक्ष ठेवले आणि मानेत रोग दिसला तरच शस्त्रक्रिया केली. पहिल्या ५०० रोग्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. रोगाशिवाय जगणारे पहिल्या गटात ६९.५ टक्के, दुसऱ्यात ४५.९ टक्के. पहिल्या गटात शस्त्रक्रियेचे उपद्रव थोडे अधिक झाले, ६.६ टक्के विरुद्ध ३.६ टक्के. दर आठ रोग्यांची मान आधीच साफ केली तर एक मृत्यू टळतो, असा याचा हिशेब निघाला. लक्ष ठेवलेल्या गटात मानेतली गाठ जेव्हा दिसली, तेव्हा ती बरीच पुढे गेलेली होती.

यानंतर एक मधली वाट पुढे आली आहे. किरणोत्सर्गी खूण टोचून गाठीचा पाझर ज्या ग्रंथीत पहिल्याने जातो तेवढीच काढून तपासायची, आणि तिच्यात रोग निघाला तरच मान साफ करायची. फ्रान्समध्ये २०२० साली आणि जपानमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत या रीतीने जगणाऱ्यांचे प्रमाण घटले नाही, आणि खांद्याचा त्रास कमी झाला. पण त्यासाठी खास यंत्रे, सरावलेले हात आणि जागरूक तपासणी लागते, आणि कधी कधी रोग्याला दुसऱ्यांदा टेबलावर यावे लागते. जिथे ही सगळी सोय आहे तिथेच ती वाट खरी.

५

या साऱ्या तुलनेतून मला एक गोष्ट ठळक दिसते. चट्ट्यावर लक्ष ठेवणे असो, मानेवर लक्ष ठेवणे असो, 'थांबून पाहणे' हा उपचार रोगी परत येईल या गृहीतावर उभा आहे. ज्याला परत येता येत नाही त्याच्या बाबतीत थांबून पाहणे म्हणजे नुसते थांबणे. कुणी पाहत नाही, रोग मात्र थांबत नाही.

कोलशेतचेच घ्या. इथे रंग-रसायनांचे कारखाने होते. त्यांच्या दारात सगळ्यांना काम मिळत नव्हते, पण ज्यांना मिळाले त्यांच्याकडे कामगार विम्याचे कार्ड होते, आजारपणाची रजा होती. कारखाने गेले आणि टॉवर उभे राहिले. आज त्याच वस्तीतली माणसे टॉवरच्या गेटवर गार्ड आहेत, जिन्यांवर झाडू मारतात, नाहीतर सकाळी नाक्यावर उभी राहतात. परळला तपासणीला जायचे तर टी.एम.टी.ने ठाणे स्टेशन, तिथून लोकल, मग केसपेपरची रांग. त्या दिवसाचा रोज बुडाला. चार वेळा गेले की ठेकेदार दुसरा माणूस आणतो. अशा माणसाने पाचव्या तपासणीला दांडी मारली, की फायलीवर शेरा पडतो की रोगी नियमित येत नाही. दोष रोग्याच्या नावावर चढतो. त्याचा रोज कुणी बुडवला याची नोंद फायलीत नसते.

म्हणून डॉक्टरसमोर आपण उघडपणे सांगितले पाहिजे की हा माणूस दर महिन्याला येऊ शकणार नाही. अशा वेळी सौम्य-मध्यम चट्टाही काढून टाकणे बरे, असे डॉक्टर ठरवू शकतात. मान आधीच साफ करण्याचा आधार तर परळच्या चाचणीनेच दिला आहे. रोग्याचे रोजचे जगणे ही वैद्यकीय माहिती आहे. ती सांगण्यात लाज कसली?

आणि परत येणे शक्य करणे, हे आपले काम आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार बसतात. शिधापत्रिका आणि ओळखपत्र आधीच नीट करून ठेवले तर ऐन वेळी धावाधाव होत नाही. ठेकेदाराने कामगार विमा भरलेला असेल तर आजारपणाच्या रजेत मजुरीचा ७० टक्के भाग मिळतो. नोकरीची दोन वर्षे आणि हप्त्यांची अट पुरी असेल तर कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात ८० टक्क्यांपर्यंत मिळतो. पगारातून कापलेला हप्ता ठेकेदाराने भरला की गिळला, हे युनियनच्या कार्यकर्त्याने आजार येण्याआधी तपासायचे असते. बाहेरगावच्या रोग्यांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. नाक्यावरच्या मजुराला मात्र बुडालेला रोज कुणीच देत नाही. ही मागणी आपल्या चळवळीने आरोग्याच्या हक्काची मागणी म्हणून लावून धरली पाहिजे.

केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक प्रयोग झाला. १३ पंचायतींच्या क्षेत्रांपैकी काहींत घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली, काहींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तंबाखू वा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या क्षेत्रांत ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे तपासणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे पदवीधर होते. आपल्या प्रत्येक वस्तीत आता असे दोन-चार पदवीधर आहेत.

त्यांनी डॉक्टर व्हायचे नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातल्या किंवा जवळच्या दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरकडून एक दिवस शिकून घ्यायचे. बॅटरी आणि स्वच्छ हात घेऊन ओठ, गालाची आतली बाजू, हिरडीची खाच, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू पाहायचे. तीन बोटे शिरतात का पाहायचे. खूण दिसली तर वहीत नाव, तारीख, जागा आणि पुढच्या तपासणीचा दिवस लिहायचा, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार तेही लिहायचे. डॉक्टरला विचारायचे प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावेत. तुकड्यात बिघाड सौम्य, मध्यम की तीव्र? गाठ किती खोल? मान आता साफ करायची की नंतर, आणि का? पुढे किती वेळा यावे लागेल? येता आले नाही तर दुसरी वाट कोणती? अशी वही वस्तीच्या वाचनालयात ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.